अडकलेला स्क्रू काढताना या चुका टाळा

बहुतेक स्क्रूंचं डोकं काढणाऱ्याच्या पहिल्या दोन झटक्यांतच खराब होतं. म्हणून जोर लावण्याआधी एक प्रश्न विचारा: स्क्रूला धरून ठेवलंय कशानं? गंजानं, रंगाच्या थरांनी, की फुगलेल्या लाकडानं? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

बडोद्यात हे तिन्ही एकाच दारात सापडतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांची सागवानी दारं, त्यावर वर्षानुवर्षं चढलेला ऑइल पेंट, आणि 2019 व 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची खालची बिजागरी. वरचे स्क्रू सहज निघतात, खालचे हलत नाहीत.

चुकीचं टोक लावणं

हातात येईल तो स्क्रूड्रायव्हर (दुकानात डिसमिस म्हणून मिळतो तोच) घेऊन सुरुवात करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चौफुलीच्या (अधिक चिन्हासारख्या खाचेच्या) 6 ते 8 नंबर स्क्रूला पीएच 2 टोक लागतं (नंबर म्हणजे स्क्रूची जाडी, पीएच म्हणजे चौफुली टोकाचं माप), 4 नंबरला पीएच 1, जाड 12 नंबरला पीएच 3. लहान टोक खाचेच्या तळाशी पोचतं पण कडांना धरत नाही, आणि कडाच सोलल्या जातात. जुन्या सरळ खाचेच्या स्क्रूला खाचेइतकंच रुंद आणि जाड पातं हवं. खाचेत रंग भरला असेल तर आधी तो जुन्या टोच्यानं पूर्ण कोरून काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून थोडं पाणी लावून कोरा आणि मुलांना लांब ठेवा.

मग स्क्रूड्रायव्हर उभा सरळ धरून मागून हातोडीचे चार-पाच मध्यम ठोके द्या. गंज आणि रंगाची पकड इथेच मोडते. त्यानंतर आधी थोडं *घट्ट* करण्याच्या दिशेनं फिरवा, मग सैल करा. फिरवण्यापेक्षा आत दाबण्यावर जास्त ताकद द्या.

सगळीकडे तेल ओतणं

लोखंडी ग्रिल, कडी, गेट इथे गंज सोडवणारं तेल कामाचं आहे: दोन थेंब, पंधरा-वीस मिनिटं, जुनाट गंजाला रात्रभर. खोबरेल किंवा खायचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. लाकडात मात्र तेल टाळाच. फुगलेल्या लाकडाची पकड त्यानं सुटत नाही, उलट डाग पडतो आणि पुढे त्या जागी ना पॉलिश धरत ना गोंद. पुरात भिजलेलं दार असेल तर घाई करू नका. लाकूड काही आठवडे सावलीत वाळलं की ते आकसतं आणि तेच स्क्रू बऱ्याचदा हातानं निघतात.

रंगानं धरलेल्या स्क्रूच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न एक-दोन मिनिटं टेकवलं तरी रंग मऊ पडतो. तेल मारलेल्या जागी हे कधीही करू नका, पेट घेईल. स्विचबोर्डच्या स्क्रूला तर ना तेल, ना उष्णता: मेन बंद करा, टेस्टरनं खात्री करा, मगच हात लावा.

डोकं सोललं गेल्यावर

रबरबँड मध्ये ठेवून फिरवण्याची युक्ती खाच थोडीच झिजली असेल तरच चालते. गंजलेल्या स्क्रूवर वेळ घालवू नका. डोकं वर उठलेलं असेल तर हॅकसॉ ब्लेडनं नवी खाच पाडा किंवा लॉकिंग पकडीनं धरून फिरवा. बिजागरीत बसलेल्या चपट्या डोक्यावर ब्लेड चालवलं तर बिजागरीच कापली जाते.

लहान स्क्रूत एक्स्ट्रॅक्टर (सोललेल्या स्क्रूत उलटा फिरवून तो बाहेर ओढणारं उलट्या आट्यांचं टोक) वापरताना जपा. तो कडक पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला कापत नाही. 8 नंबरच्या स्क्रूला त्यापेक्षा सोपा मार्ग: डोक्याच्या मधोमध सेंटर पंच (ड्रिल घसरू नये म्हणून खड्डा पाडणारा टोकदार पोलादी पंच) मारा, कमी वेगात 4 ते 4.5 मिलिमीटरच्या बिटनं डोकंच उडवा. बिजागरी सुटते आणि उरलेली दांडी पकडीनं फिरवून निघते.

परत बसवताना

सैल भोकात नवा लांब स्क्रू कोंबू नका. सागवानाची सळई फेविकॉल लावून भोकात ठोका, 24 तास वाळू द्या, वरचा भाग सपाट करा आणि 3 मिलिमीटरचं नवं भोक पाडा. आट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो. खालच्या बिजागरीला स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्या. पितळी वापरायचे असतील तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा बसवून काढा, म्हणजे आटे पडलेले असतात आणि मऊ पितळेचं डोकं पिळवटत नाही.