अडलेलं शिफारसपत्र असं सुटलं
अमेरिकेत मेडिकलला अर्ज करताना केमिस्ट्रीच्या सरांचं शिफारसपत्र काही येईना. ते आनंदानं 'हो' म्हणाले होते, पण एवढ्या मोठ्या वर्गातल्या माझ्याबद्दल नेमकं लिहायचं काय? मग मी त्यांना एक पानभर टिपण पाठवलं: बिघडलेलं टायट्रेशन मी पुन्हा कसं लावलं, रीडिंग का जुळत नव्हतं, ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटायच्या त्यांच्या वेळेत) त्यांना काय विचारलं होतं. सोबत ॲमकासचा (मेडिकलचे अर्ज एकत्रित स्वीकारणारी अमेरिकी सेवा) लेटर रिक्वेस्ट फॉर्म आणि शेवटची तारीख. थोड्याच दिवसांत पत्र अपलोड झालं.

पत्र वाचण्याचा हक्क (१९७४ च्या फेर्पा या अमेरिकी कायद्यानं विद्यार्थ्याला दिलेला) मात्र खुशाल सोडा, गोपनीय पत्राला जास्त वजन असतं. आणि पत्रांपायी अर्ज अडवून ठेवू नका. ॲमकासची अर्जाची पडताळणी पत्रांसाठी थांबत नाही.