नोकरी, घर आणि लाँग रन: धावण्याचा आठवडा कसा बसवायचा

धावण्याचा आराखडा करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आपला सर्वांत मोकळा आठवडा असतो. पाच दिवस धावणं, दोन दिवस व्यायाम, रविवारी लाँग रन. कागदावर सगळं छान बसतं. मग महिनाअखेर येते, मीटिंग रात्री नऊपर्यंत लांबते, घरात कुणीतरी आजारी पडतं, आणि तिसऱ्या आठवड्यातच आराखडा कोलमडतो. म्हणून सुरुवात उलट टोकाकडून करा. गेल्या दोन महिन्यांतला सर्वांत ओढाताणीचा आठवडा आठवा. त्या आठवड्यातही जेवढं धावणं निभलं असतं, तेवढंच पक्कं धरा. त्यावरचं सगळं ‘जमलं तर’ या खात्यात टाका.

आधी तास मोजा, किलोमीटर नंतर

16 किलोमीटरची लाँग रन किलोमीटरला 7 मिनिटांच्या पेसने (वेगाने) 112 मिनिटांत होते. पण दिवसातून तेवढाच वेळ जात नाही. उठून तयार व्हायला 20 मिनिटं, परतल्यावर चालणं आणि स्ट्रेचिंग 15, अंघोळ 20, खाणं 20. झाली 187 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. धावायला गाडीने कुठे जायचं असेल तर अर्धा तास आणखी धरा. आठवड्यातल्या मधल्या दिवसाची 45 मिनिटांची धावसुद्धा प्रत्यक्षात सव्वा तास खाते.

अशा तीन धावांचा, म्हणजे एक लाँग, एक 45 मिनिटांची आणि एक 50 मिनिटांची, हिशेब धावण्याच्या वेळेत साडेतीन तासांच्या आत राहतो, पण घड्याळातून जवळपास पावणेसहा तास जातात. घरात जी कुरबुर होते ती बहुधा या न सांगितलेल्या सव्वादोन तासांवरून. ‘दोन तासांत येतो’ सांगून साडेतीन तासांनी येण्यापेक्षा आधीच साडेतीन सांगितलेलं बरं.

यातला काही वेळ खरोखर वाचवता येतो. धाव दारापासूनच सुरू करा. कपडे, सॉक्स, शूज, किल्ली एका जागी रात्रीच काढून ठेवा आणि घड्याळ चार्जिंगला लावा. पहाटे अंधारात सॉक्स शोधण्यात दहा मिनिटं सहज जातात, आणि त्या दहा मिनिटांत परत पांघरुणात शिरायचा विचारही येतो.

तीन धावा, आणि त्यांची उतरंड

नोकरी सांभाळून हाफ मॅरेथॉनपर्यंत जायला आठवड्याला तीन धावा पुरतात. मात्र त्यातली महत्त्वाची कोणती हे ठरलेलं हवं, कारण एखादी कधी ना कधी गळणारच.

पहिला मान लाँग रनचा. सध्या सहज जमणाऱ्या सर्वांत लांब अंतरापासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आत, जास्तीत जास्त दीड किलोमीटर, वाढवा. चौथ्या आठवड्यात अंतर पाव ते एक-तृतीयांशाने कमी करा. 21.1 किलोमीटरची हाफ व्यवस्थित पूर्ण करायला सरावात 16 ते 18 किलोमीटरपर्यंत पोहोचणं पुरेसं आहे. वेळेची मर्यादाही ठेवा: हाफसाठी अडीच तास, मॅरेथॉनसाठी तीन. त्यापुढे फायदा थोडा वाढतो, सावरायला लागणारे दिवस मात्र फार वाढतात, आणि सोमवारी तुम्हाला कामावर जायचं असतं.

वेग इतकाच ठेवा की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात धावताय. कमी वेळ मिळणाऱ्यांची हीच सर्वांत मोठी चूक: ‘तीनच दिवस मिळतात, तर तिन्ही दिवस दामटून धावू.’ मग पाय बुधवारपर्यंत जड राहतात, कठीण धाव अर्धवट होते आणि सगळ्याच धावा एकाच मधल्या, थकवणाऱ्या वेगात अडकतात.

दुसरी कठीण धाव. एका आठवड्यात टेम्पो, पुढच्यात इंटरव्हल असं आलटून पालटून करा. टेम्पोसाठी 10 मिनिटं हलकं जॉगिंग, मग 20 मिनिटं अशा वेगात की तो वेग स्पर्धेत जेमतेम तासभर टिकवता येईल, शेवटी पुन्हा 10 मिनिटं हलकं. सलग 20 जमत नसतील तर 10-10 चे दोन तुकडे करून मध्ये 2 मिनिटं जॉग करा. इंटरव्हलमध्ये 3 मिनिटं जोरात, 2 मिनिटं जॉग, असे पाच फेरे. पहिला फेरा उत्साहात उडवला की चौथ्यात पाय दगड होतात. पाचव्या फेऱ्याचं अंतर पहिल्याइतकं भरलं तर वेग बरोबर होता.

तिसरी हलकी धाव: 35 ते 45 मिनिटं, शेवटी 20 सेकंदांच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे मोकळ्या, वेगवान छोट्या धावा. प्रत्येक स्ट्राइडनंतर मिनिटभर चालायचं. आठवडा आवळला तर हीच पहिली सोडायची.

सुट्टी रविवारी असेल तर बुधवारी कठीण, शुक्रवारी हलकी, रविवारी लाँग ही मांडणी चालते. कठीण आणि लाँग धावेत निदान दोन दिवसांचं अंतर हवं. शिफ्टमध्ये काम असेल तर दिवसांची नावं विसरा. रात्रपाळी संपल्याच्या सकाळी लाँग रन नको. ती साप्ताहिक सुट्टीत घ्या, एक पूर्ण झोप झाल्यावर. चौथा दिवस मिळू लागला तर त्यातही हलकी धावच टाका, दुसरी कठीण नव्हे.

मॅरेथॉनबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. धावायला आठवड्याला निव्वळ चार तासही मिळत नसतील तर 42.195 किलोमीटर पुढे ढकला. 10 किलोमीटर किंवा हाफ नीट धावणं यात कमीपणा कसला?

दिवसात जागा कुठे आहे?

पहाट सर्वांत भरवशाची, कारण त्या वेळी कुणी फोन करत नाही. अडचण झोपेची. अलार्म तासभर आधी लावला आणि झोपायची वेळ तीच ठेवली तर दोन आठवड्यांत शरीर हिशेब मागतं. आधी झोपायची वेळ अलीकडे आणा, 15-15 मिनिटांनी, आठवडाभर. अलार्मची वेळ त्यानंतर बदला. उठल्यापासून बाहेर पडेपर्यंत पोट साफ व्हायला 15-20 मिनिटं ठेवा; ही वेळ कापणाऱ्याची धाव तिसऱ्या किलोमीटरला अडते. पहाटे सांधे आणि स्नायू आखडलेले असतात, म्हणून पहिली 10 मिनिटं मुद्दाम रेंगाळत धावा. तासाभराच्या हलक्या धावेला उपाशीपोटी गेलं तरी बहुतेकांना चालतं. कठीण धावेआधी थोडं काहीतरी खा.

दुपारच्या तासाभराच्या सुट्टीत 30 मिनिटांची धाव बसते. कपडे बदलायला 5, धावायला 30, चालत थंड व्हायला 8, अंघोळीला 10, पुन्हा कपडे करायला 5. त्यातली 8 मिनिटं कापू नका. शरीर तापलेलं असताना अंघोळ करून शर्ट चढवला की घाम त्या शर्टातच येतो. जेवण नंतर जागेवर बसून करावं लागतं, म्हणून त्यानंतर लगेच मीटिंग नसलेलाच दिवस निवडा. ऊन कडक असेल तर हा पर्याय बादच.

संध्याकाळी शरीर मोकळं झालेलं असतं, त्यामुळे कठीण धावेला ही वेळ खरं तर चांगली. पण एकदा घरी येऊन बसलं की उठणं होत नाही. कामाच्या ठिकाणीच कपडे बदला आणि तिथूनच सुटा. जड जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. जोराची धाव झोपण्याच्या किमान दोन तास आधी संपवा, नाहीतर नाडी उतरत नाही आणि डोळा लागत नाही. कॉफीने धाव चांगली होते, पण पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या धावेआधी ती नकोच. अंधारात चमकणारी पट्टी अंगावर हवी आणि एक कान मोकळा.

कामाचं ठिकाण 6 ते 10 किलोमीटरवर असेल तर प्रवासच धाव होऊ शकतो. जाताना वाहनाने जा, परतताना धावत या: अंघोळीचा प्रश्न घरी सुटतो. बॅग 10 ते 15 लिटरची, छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली. वजन दोन-तीन किलोच्या आत ठेवा, लॅपटॉप अजिबात नको. त्या दिवशी तो कामावरच राहील याची सोय आधी करा. बॅग हलत राहिल्याने खांदे आणि पाठ घासली जाते, त्यामुळे बॅग घेऊन फक्त हलकी धाव.

कमीत कमी किती?

काही आठवडे असे येतात की तीन धावाही जमत नाहीत. तेव्हा काय कापायचं याचं उत्तर जुनं आहे. व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात यावर प्रयोग केले. दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस रोज 40 मिनिटं जोरदार व्यायाम केलेल्यांचे दिवस नंतर चार किंवा दोनवर आणले. पुढचे 15 आठवडे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) जवळपास टिकून राहिला. पण दिवस आणि वेळ तेवढेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा तो घसरला. थोडक्यात, अडचणीच्या आठवड्यात दिवस कापा, मिनिटं कापा, पण थोडा जोर राहू द्या. 10 मिनिटं वॉर्मअप, 2-2 मिनिटांचे पाच जोरदार फेरे, मध्ये मिनिट-मिनिट जॉग, 5 मिनिटं कूल डाउन: अर्ध्या तासात मोकळे.

हे टिकवण्यापुरतं. लांब अंतराची सवय पायांना यातून लागत नाही; त्यासाठी लाँग रनला पर्याय नाही.

धाव चुकली तर

एक चुकली तर ती गेली. तिची भरपाई दुसऱ्या दिवशी करू नका. मंगळवार-गुरुवार हुकला म्हणून रविवारी 12 ऐवजी 20 किलोमीटर मारणं हा दुखापतीचा राजमार्ग आहे. आठवड्याची एकूण बेरीज किती वाढली यापेक्षा एकाच धावेत अंतर किती उडी मारतं, हे जास्त नडतं. गेल्या महिन्यातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा कोणतीही धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबवू नका.

आठवडाभर बंद राहिलं तर फिटनेस फारसा जात नाही. पहिल्या दोन-तीन दिवशी हलकं धावून आराखडा होता तिथून पुढे न्या. दोन आठवडे गेले तर आधीच्या 60-70 टक्क्यांपासून सुरू करा. रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, घटलेला असतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी वर जाते. घाबरू नका, तो लवकर भरून येतो. महिन्याहून जास्त खंड पडला तर निम्म्यापासून, आणि पहिले दोन आठवडे इंटरव्हल नाही. दम तीन-चार आठवड्यांत परत येतो, पण टाचेमागची शीर आणि नडगीचं हाड त्या गतीने तयार होत नाहीत. दम आहे म्हणून वेग वाढवला की तिथेच दुखू लागतं.

ताप असेल तर धावणं बंद, आणि ताप उतरल्यावर औषधाशिवाय पूर्ण दिवस गेल्यानंतरच हलकी सुरुवात. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना तर थांबा आणि डॉक्टरकडे जा.

कामाचा थकवाही हिशेबात धरा

प्रत्येक धावेनंतर तिला 1 ते 10 गुण द्या: 1 म्हणजे फिरायला गेल्यासारखं, 10 म्हणजे जीव निघाला. मिनिटांना गुणांनी गुणा. 45 मिनिटांची हलकी धाव 3 गुणांची, म्हणजे 135. कामाचा ताण शिगेला असतो त्या आठवड्यात तीच धाव, त्याच वेगात, 5 गुणांची वाटते: 225. व्यायामाचे संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रुळवलेली ही पद्धत नोकरदारांना विशेष उपयोगी, कारण किलोमीटरला तुमचा दिवस कसा गेला हे कळत नाही, या गुणांना कळतं. आठवड्याच्या गुणाकारांची बेरीज सलग दोन आठवडे चढत असेल आणि अंतर तेच असेल तर तिसऱ्या आठवड्यात कठीण धाव काढून टाका.

झोप सहा तासांपेक्षा कमी झाली तर कठीण धाव हलकी करा. सलग तीन रात्री तसंच झालं तर धाव सोडून झोपा. सकाळची नाडी नेहमीपेक्षा 7-8 ठोक्यांनी वर असेल तरी हेच.

दुखण्यातला फरक ओळखा. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, वॉर्मअपनंतर कमी होतं: चालेल. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी हाडावर दुखतं किंवा पाऊल वाकडं पडायला लागलं: त्या दिवशी तिथेच थांबा आणि वाहनाने घरी या.

ताकदीच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं पुरतात, आणि जिमची गरज नाही. स्क्वॉट, पायरीवर चढउतार, एका पायावर टाच उचलणं (गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून), प्लँक. प्रत्येकी 10-12 चे तीन सेट, प्लँक 30-40 सेकंद. हे कठीण धावेच्या दिवशी संध्याकाळी करा, हलक्या दिवशी नको. म्हणजे हलका दिवस खरोखर हलका राहतो.

स्पर्धेची तारीख

नोंदणी करण्याआधी कामाचं कॅलेंडर उघडा. हाफसाठी 12 आठवडे, मॅरेथॉनसाठी 16 ते 18 आठवडे मागे मोजा. त्यातले सर्वांत जड आठवडे स्पर्धेच्या आधी साधारण तीन ते सहा आठवड्यांत येतात. तेच आठवडे हिशेब बंद होण्याचे, मोठ्या प्रोजेक्टच्या डेडलाइनचे किंवा मुलांच्या परीक्षांचे असतील तर दुसरी स्पर्धा शोधा. शेवटचे 10 ते 14 दिवस (मॅरेथॉनला तीन आठवडे) अंतर निम्म्यावर आणायचं, वेगाचे छोटे तुकडे ठेवायचे. या काळात मोकळा झालेला वेळ रखडलेल्या कामांनी भरू नका, रात्री जागून तर नाहीच. आणि शक्य असेल तर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसाची रजा नोंदणीच्याच दिवशी टाका. निदान त्या सकाळी जिने चढावे लागतील अशी मीटिंग तरी ठेवू नका.