ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि पातळ लॅपटॉप: या चुका टाळा

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वरच्या मजल्यावर दुपारी खोलीच ४० अंशांवर जाते. अशा वेळी लॅपटॉपचं तापमान बघून लोक घाबरतात आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) बदलायला धावतात. आधी आकडा समजून घ्या.

पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर रिकामा असताना ४० ते ५५ अंश, ब्राउझर-एक्सेलच्या कामात ५५ ते ७० आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला ८५ ते ९५ अंशांवर जाणं नेहमीचंच. बऱ्याच इंटेल चिपची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचल्यावर चिप आपणहून वेग उतरवते. पंखा रिकाम्या वेळी बंद किंवा मिनिटाला २०००-२५०० फेरे, जोर पडला की ४५०० ते ६०००. एम१ चिपपासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नसतो, तेव्हा त्याचा आवाज शोधू नका.

खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच चढते. म्हणून नोंद दोन्हींची ठेवा. खोली थंड, काम काही नाही, तरी ७०च्या वर आणि पंखा घोंघावतोय? मग टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा रकाना बघा. तिथे ५ टक्केसुद्धा वापर नसेल, तर बहुधा धूळ अडकली आहे.

खरी फसगत इथेच होते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे लू-धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. लॅपटॉप बंद करा, खालचं झाकण उघडा (स्क्रू लहान-मोठे असतात, कागदावर जागेनुसार मांडा), बॅटरीची केबल काढा. पंखा टूथपिकने अडवून मगच हवेचे छोटे झोत मारा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो, बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. स्थिर विजेचा धोका असतो.

गादीवर ठेवल्याने खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन सेंटिमीटर उचला. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, पाण्याचे तुषार आत जातात.

तरीही तापला, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बऱ्याच मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) थांबतो आणि तापमान चांगलंच उतरतं. वेग थोडा जातो. दुपारी चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखा, उष्णतेत बॅटरी लवकर झिजते. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे: चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि टचपॅड दाबून बसवायला जाऊ नका.