कॉन्फरन्समध्ये वाढप्यांनी काम थांबवलं, तर पाहुण्यांनी या चुका टाळा

सांगली-मिरजेत वर्षभर कुठली ना कुठली परिषद चालूच असते. आज डॉक्टरांची, उद्या इंजिनिअरांची, मग प्राध्यापकांची. तीन-चारशे प्रतिनिधी, पिशवीत बेदाणे आणि हळदीची पुडी, दुपारी बफे. आणि एखाद्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलामागे कुणीच नसतं. वाढपी आणि भांडीवाल्या मावश्या गेटबाहेर उभ्या असतात. मागच्या तीन कार्यक्रमांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, थकलेला असतो, नाहीतर रात्री एक वाजेपर्यंत भांडी घासून घेऊन सकाळी सहाला परत बोलावलेलं असतं.

अशा वेळी काहीतरी करावं असं वाटणारे प्रतिनिधी कमी नसतात. पण घाईघाईत केलेली मदत बऱ्याचदा कामगारांच्याच अंगावर येते.

आपणच वाढायला उभं राहणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सहज होणारी चूक हीच. पंगत खोळंबली की बादली उचलून वाढायला उठणं हा आपल्याकडे चांगुलपणा मानला जातो, लग्नात तो असतोही. काम बंद असताना मात्र त्याचा अर्थ उलटा होतो. कामगारांच्या हातात एकच गोष्ट असते : आम्ही नसलो तर जेवण अडतं. ते तुम्ही अडू दिलं नाहीत, तर दुपारी दोनपर्यंत केटररला चर्चेला बसायचं कारण उरत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे कॉलेजच्या स्वयंसेवक पोरांना एप्रन बांधून उभं करणं. त्यातल्या काही पोरांचे मित्रच गेटबाहेर असू शकतात, कारण सुट्टीच्या दिवशी वाढप्याचं काम करणारे विद्यार्थी या भागात पुष्कळ आहेत. संयोजकांनी पोरांना असं सांगितलं तर प्रतिनिधींनी तिथल्या तिथे शांतपणे हरकत घ्यावी. जेवणाची सोय बाहेर होते. स्टँडच्या परिसरात खाणावळींना तोटा नाही, आणि सत्र चाळीस मिनिटं पुढे ढकललं तर कुणाचं काही बिघडत नाही. मधुमेही आणि वयस्कर प्रतिनिधींसाठी केळी, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या बाहेरून आणून ठेवणं हे संप मोडण्यात धरलं जात नाही. तरी गेटवर तसं सांगून आत न्यावं.

कुणी न सांगता बहिष्कार टाकणं

कामगारांनी जेवणावर बहिष्काराची हाक दिलेली नाही आणि तुम्ही मनानेच ताट नाकारलंत, तर नुकसान कुणाचं? ताटांचा हिशेब बघा. केटरर किमान ताटांची हमी घेऊनच दर ठरवतो. समजा हमी ४०० ताटांची आहे आणि जेवले ३३०, तरी बिल ४०० चंच येतं. तुमच्या उपाशी राहण्याने मालकाचा एक रुपया कमी होत नाही, फक्त उरलेलं अन्न टाकण्याचं काम त्याच मावश्यांना लागतं. म्हणून आधी विचारा : "तुम्हाला आमच्याकडून नक्की काय हवंय?" उत्तर 'जेवू नका' असेल तर जेवू नका, आणि कारण संयोजन सचिवांना त्याच दिवशी लेखी कळवा. उत्तर 'जेवा, पण काळी फीत लावा' किंवा 'आमचं निवेदन अध्यक्षांपर्यंत पोचवा' असंही येऊ शकतं. मग तेवढंच करा.

मालक कोण, हे न बघता भांडणं

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसावर आवाज चढवला जातो, आणि त्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नसतो. साखळी लांब असते : संयोजन समिती, मग हॉल किंवा हॉटेल, मग केटरर, मग माणसं पुरवणारा ठेकेदार, आणि शेवटी वाढपी. सचिवांना तीन गोष्टी विचारा. जेवणाचं बिल कुणाच्या नावाने येणार? वाढपी केटररच्या हजेरीपत्रकावर आहेत की ठेकेदाराने आणलेत? रोजाचे पैसे कोण, कुठे आणि किती वाजता देतो? केटररचं नाव कुणी नीट सांगत नसेल तर बिलावरचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक बघा, परवाना कुणाच्या नावावर आहे ते त्यावरून निघतं.

"तो ठेकेदाराचा विषय आहे" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यातल्या वेतन संहितेनुसार नेमणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर ज्याच्या आस्थापनेत माणूस कामाला होता त्या मालकावर जबाबदारी येते.

मागणी न समजता 'अन्याय' म्हणणं

"कामगारांवर अन्याय होतोय" एवढ्या वाक्यावर कुणी बूड हलवत नाही. मागणी थकलेल्या रोजाची आहे, जादा तासांची आहे की कापलेल्या पैशांची, ते वेगळं करा, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

रोजंदारीवरच्या माणसाचा रोज पाळी संपतानाच द्यायचा असतो. 'पार्टीकडून बिल निघालं की देतो' ही पद्धत रूढ आहे, कायदेशीर नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. कामावरून काढलं किंवा माणसाने स्वतः काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब. जादा कामाचा दर नेहमीच्या दुपटीहून कमी असू शकत नाही. फुटलेल्या काचेच्या प्लेटांचे पैसे सरसकट सगळ्यांच्या रोजातून कापता येत नाहीत. ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात दिलेली होती आणि त्याच्याच हलगर्जीने नुकसान झालं, असं असेल तरच कपात होते, आणि त्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. सारख्या कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, हेही चालत नाही. लाइव्ह काउंटरवर भाकरी थापणाऱ्या मावशींचे फोटो सगळेच काढतात. त्यांचा रोज किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

जादा तासांच्या वादात बऱ्याचदा परिषदेचं वेळापत्रकच आरोपी असतं. सकाळी ७ चा नाश्ता मांडायला माणसं ५:३० ला येतात. रात्रीचं जेवण ९ चं, पण सत्कार आणि भाषणं लांबून ते १०:३० ला सुरू होतं. भांडी संपेपर्यंत १. म्हणजे एकाच माणसाकडून साडेएकोणीस तास. त्यानंतर बुधगाव, मालगाव, बेडगला जायला गाडी नाही, म्हणून झोप हॉलच्या मागच्या व्हरांड्यात. इथे हवी असते दुसरी पाळी आणि परतीची गाडी, आणि दोन्हीचा खर्च ताटाच्या दरात आधीच धरावा लागतो. ताटामागे वीस रुपये पाडून घेतल्याची फुशारकी मारणारा खजिनदार हा वाद स्वतःच विकत घेत असतो.

काउंटरवर मुलाखत घेणं, व्हिडिओ काढणं

पनीरच्या भांड्यासमोर उभं राहून "तुला किती मिळतात रे?" असं विचारू नका. सुपरवायझर चार हातांवर असतो. रोजंदारीच्या माणसाला काढून टाकावं लागत नाही, पुढच्या कामाला बोलावलं नाही की संपलं. जेवण उरकल्यावर, साधारण साडेतीन-चारच्या सुमाराला, बाहेरच्या चहाच्या गाड्यावर बोला. पोरगं असो की मावशी, 'तुम्ही' म्हणा. रेकॉर्डिंग नको, चेहऱ्याचे फोटो तर नकोतच. ग्रुपवर टाकलेला फोटो दहा मिनिटांत केटररकडे पोचतो. आपला नंबर एकाकडे देऊन ठेवा, त्यांचे नंबर गोळा करत फिरू नका.

वर्गणी काढून विषय मिटवणं

टोपी फिरवून आठ-दहा हजार जमतात आणि सुपरवायझरच्या हातात जातात. पुढे त्यातलं कुणाला किती पोचलं, याचा पत्ता लागत नाही. ते पोचले तरी घोटाळा आहेच : थकलेला रोज हे मालकाचं देणं आहे आणि तुम्ही ते वर्गणीतून फेडून त्याला मोकळं केलंत. पैसे द्यायचेच तर काम बंद असलेल्या दिवसांच्या घरखर्चासाठी, कामगारांनी स्वतः निवडलेल्या दोघांकडे, यादी आणि पोच घेऊन द्या. यादीवर 'हे वेतन नव्हे' असं स्पष्ट लिहा.

हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क दिसलं की "ते वेटरांनाच जातं" असं गृहीत धरलं जातं. ते हॉटेलच्या खात्यात जातं, पुढे वाटायचं की नाही हे हॉटेल ठरवतं. शिवाय ते आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला नकार दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते.

"तुम्ही बंद करा, आम्ही पाठीशी आहोत" असं सांगणं

तुम्ही परवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत जाणार, ते इथेच राहणार. औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. बेकायदा संपासाठी कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. संपाचा निर्णय त्यांचा आणि त्यांच्या संघटनेचा. तुम्ही चिथावणी देऊ नका आणि "आजच्या दिवस सांभाळून घ्या" असा शहाणपणाही शिकवू नका.

गेटवर सोबत उभं राहायचं असेल तर आधी जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश चालू आहे का ते पोलीस ठाण्यातून विचारून घ्या. तो असेल तर पाच जण एकत्र उभे राहणंही अंगाशी येतं. राज्य सरकारच्या डॉक्टर आणि अधिकाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. त्यांनी धरण्यात बसण्याऐवजी आपल्या व्यावसायिक संघटनेमार्फत पत्र द्यावं.

खरी किल्ली न वापरणं

केटररची उरलेली रक्कम कार्यक्रम झाल्यावर संयोजन समितीकडून निघते. सगळा जोर तिथे आहे. प्रतिनिधी म्हणून तुम्ही शुल्क भरलेलं आहे, तेव्हा समितीला पत्र लिहायचा हक्क तुमचाच. पत्र अर्ध्या पानाचं हवं : तारीख, ठिकाण, किती कामगार, कोणत्या कार्यक्रमांचा किती रोज थकला असं ते सांगतात, आणि एकच मागणी. उदाहरणार्थ : "या परिषदेत काम केलेल्या सर्वांना रोज मिळाल्याचं सह्यांचं हजेरीपत्रक सादर झाल्यावरच केटररचं उर्वरित बिल अदा करावं." वीस-पंचवीस सह्या पुरतात. प्रत सहायक कामगार आयुक्त कार्यालयाला. ऐकीव गोष्ट 'कामगारांच्या म्हणण्यानुसार' अशीच लिहा आणि विशेषणं गाळा, म्हणजे बदनामीच्या नोटिशीला वाव कमी राहतो. वेतनाचा दावा मात्र तुम्हाला लावता येत नाही. तो कामगाराने, त्याच्या नोंदणीकृत संघटनेने किंवा सरकारी कामगार निरीक्षकाने करायचा असतो, मुदत तीन वर्षं.

पुढच्या वेळी हेच कलम केटररच्या करारात आधीच घाला, आणि हॉलच्या करारात 'कामगार वाद चालू असल्यास दंडाशिवाय बुकिंग रद्द' हे आणखी एक. अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या संघटनेने, ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिकन हिस्टोरियन्सने, हॉटेल कामगारांच्या वादामुळे २००५ चं अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन होजेला हलवलं होतं. सांगलीत लग्नाच्या तिथीला चारशे माणसांचा दुसरा हॉल मिळणं म्हणजे लॉटरी, त्यामुळे इथे हलवण्यापेक्षा बिल रोखण्याचं कलमच कामाला येतं.

घरी गेल्यावर ज्याच्याकडे नंबर दिला होता त्याला पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला फोन करा. रोज मिळाला नसेल तर पत्राची पोच जोडून समितीला स्मरणपत्र पाठवा, आणि 'केटररची निवड व वेतनाची अट' हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लेखी कळवा. त्याची मुदत संस्थेच्या घटनेत दिलेली असते, ती आधी बघून ठेवा.