ओहोटीच्या वेळी खारफुटी कशी पाहावी

खारफुटी पाहायला जाणारे पुष्कळ लोक भरतीच्या वेळी होडीत बसतात, पाण्यावर टेकलेल्या हिरव्या फांद्यांचे फोटो काढतात आणि परततात. त्या वेळी पाण्याखाली मुळे, चिखल, बिळे असे सगळेच झाकलेले असते आणि खरे पाहण्यासारखे तेच असते. म्हणून पहिले काम म्हणजे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि कालची वेळ आज उपयोगी पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही उतरते. अशा दिवशी पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचावे, म्हणजे उतरणारे पाणीही पाहता येते.

पायात घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट घालावेत. (माझी एक चप्पल अजून अशाच एका चिखलात आहे.) शक्यतो बांधावरून किंवा लाकडी पायवाटेवरूनच पाहावे, कारण श्वसनमुळे, म्हणजे झाडे हवा घेण्यासाठी चिखलातून वर काढतात ती मुळे, पायाखाली सहज मोडतात.

पाहण्याची सुरुवात मुळांपासून करावी. तिवर या खारफुटीच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोके वर आलेली दिसतात. भरतीच्या पाण्याने कायम भिजलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवर आपली मुळे उलटी, हवेच्या दिशेने वाढवतो. टोकाजवळ वाकून पाहिल्यास सालीवर बारीक छिद्रे दिसतात. ओहोटीच्या काही तासांत झाड त्यांतूनच हवा घेते. कांदळाची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्या खोडातून कमानीसारखी आधारमुळे फुटून चिखलात रुततात आणि झाड अनेक पायांवर उभे असल्यासारखे भासते. ही मुळे पाण्याचा वेग मोडतात, त्यामुळे गाळ तिथेच बसतो, लहान मासे-कोळंबी त्या गुंत्यात आसरा घेतात आणि लाटांचा जोर ओसरतो. खारफुटीच्या १०० मीटर रुंद पट्ट्यात लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. वन किती दाट आहे आणि पाणी किती खोल आहे, यावर तो आकडा ठरतो. उधाणाच्या वादळात किंवा सुनामीत मात्र एखाद्या अरुंद पट्ट्याकडून पूर्ण संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये.

मग पाने पाहावीत. कोरड्या, उन्हाच्या दिवशी तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, कारण झाड जादा मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळ मात्र बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवतो, त्यामुळे त्याच्या पानावर असे कण सापडत नाहीत. ओळख पटलेली नसेल तर कोणत्याही झाडाचे पान तोडू किंवा चाखू नये. गेवा या खारफुटीतल्याच झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते आणि काही काळ दिसेनासेही होते. कांदळावर हातभर लांब हिरव्या शेंगा लोंबताना दिसल्या तर त्या शेंगा नव्हेत, रोपे आहेत. बी झाडावर असतानाच रुजते, रोप आईच्या अंगावर वाढते आणि पुरते तयार झाल्यावर गळून पडते. ओहोटी असेल तर चिखलात उभे रुतते, भरती असेल तर आठवडेच्या आठवडे तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते.

आता एका जागी दहा मिनिटे न हलता उभे राहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच आहे. आपली चाहूल लागताच चिखलावरचे सगळे जीव बिळांत गेलेले असतात. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते परत येऊ लागतात. एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य असलेला फिडलर खेकडा नर असतो, आणि ती नांगी वर-खाली हलवून तो मादीला बोलावत असतो. निवटी ही चिखलातली मासळी कल्ल्यांजवळच्या पंखांवर रेलून चिखलावर चालते, मध्येच उडी मारते. अंग ओले असेपर्यंत ती त्वचेतून श्वास घेऊ शकते. बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळते, म्हणून खेकडे भरपूर असणे हे वन निरोगी असल्याचे चांगले लक्षण मानावे. चिखलावरच्या पक्ष्यांच्या चोचीही नीट पाहाव्यात: आखूड चोचीचे पृष्ठभागावर टिपतात, लांब वाकड्या चोचीचे खोल बिळातला किडा ओढून काढतात.

कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर नाक मुरडून लगेच निघू नये. प्राणवायूविना जगणारे जीवाणू चिखलातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा तो वास असतो. प्राणवायूच्या याच अभावामुळे गळालेली पाने आणि मुळे पूर्ण कुजत नाहीत, आणि त्यांतला कार्बन शतकानुशतके चिखलात साठून राहतो. वन तोडून तो चिखल उघडा पाडला, की तो साठा हवेत जाऊ लागतो.

हे सगळे पाहिल्यावर झाडे लावण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण तिथे जरा थांबावे. मोकळा चिखलपट्टा म्हणजे ओसाड जागा नव्हे, ते पक्ष्यांचे खाण्याचे ठिकाण असते. शिवाय तिथे पाणी फार वेळ राहत असल्याने रोपे बहुधा मरतात. वन नष्ट झालेल्या जागी आधी भराव, बंधारा किंवा बुजलेला नाला पाण्याला अडवतो आहे का, ते शोधावे. अमेरिकेत फ्लोरिडातील वेस्ट लेक येथे खारफुटी पुन्हा उभी करण्याचे काम करणारे तज्ज्ञ रॉय लुईस यांनी जमिनीची उंची आणि पाण्याच्या वाटा पूर्ववत करण्यावर भर दिला, आणि भरतीबरोबर वाहत आलेल्या बियांमधून खारफुटी आपणहून उगवली.

परतण्याची वेळ घड्याळाबरोबर चिखलावरही ठरवावी. आधी लहान चरांत पाणी उलट्या दिशेने सरकू लागते, मग खेकडे मातीच्या गोळ्याने आपापल्या बिळाचे तोंड बंद करू लागतात. तेव्हाच पायवाटेने मागे वळावे. श्वसनमुळांची टोके बुडेपर्यंत थांबल्यास परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.