हँडब्रेक घरी कसा नीट करायचा: आधी शू, मग केबल

हँडब्रेक ढिला झाला की जो तो एकच सांगतो: लिव्हरखालचा नट दोन आटे आवळ, झालं काम. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर गाडी लावून लेकराबाळांसह खाली उतरणाऱ्याने हा सल्ला ऐकू नये. त्या नटाने फक्त केबल ताणली जाते. ढिलाई मात्र बहुतेक वेळा मागच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात असते. त्याला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या म्हणजे शू, आणि शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, म्हणून लिव्हर जास्त वर ओढावा लागतो.

हे सगळं मागे ड्रमब्रेक आणि हाताने ओढायचा लिव्हर असलेल्या गाड्यांसाठी आहे. बटणाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक घरी उघडू नका.

आधी लिव्हर सावकाश ओढून किती टक वाजतात ते मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा 4 ते 9 च्या दरम्यान असतो. नेमका तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. मग सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर टेकवा, हँडब्रेक सोडा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

आता खरं काम, आणि सुरुवातीला मी अडायचो ते इथेच. आवळायला म्हणून आलात तरी पहिल्यांदा लिव्हरजवळचा नट सोडवा, केबल लोंबेपर्यंत. केबल ताणलेली असेल तर ड्रममधली छोटी दांडी आपल्या जागेवर परत जात नाही, शू पूर्ण मिटत नाहीत आणि आपोआप अंतर भरून काढणारा ॲडजस्टर पुढे सरकत नाही. म्हणजे नुसता नट आवळणारा माणूस तो ॲडजस्टरच बंद पाडतो. चार दिवस हँडब्रेक घट्ट लागतो. पुढे लायनर झिजत जातं, अंतर वाढतं आणि पायाचा ब्रेकही खोल जायला लागतो.

केबल मोकळी झाली की ड्रमच्या मागच्या पत्र्यावर रबरी बूच शोधा. ते काढून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं की ॲडजस्टरचं दातेरी चाक दिसतं. चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक दात सरकवा आणि दुसऱ्या हाताने गाडीचं चाक फिरवत राहा. जड होत गेलं तर दिशा बरोबर. डाव्या-उजव्या बाजूचे आटे बऱ्याचदा उलटसुलट असतात, त्यामुळे एका बाजूची दिशा दुसरीकडे डोळे झाकून लावू नका. गाडीचं चाक जाम होईपर्यंत जा, मग मागे या. मागे येताना दातांवर टेकलेली पट्टी बारीक तारेने बाजूला धरावी लागते, नाहीतर दात तुटतात. चाक हाताने सहज फिरलं पाहिजे. आतून हलकीशी ‘सर्र’ ऐकू आली तर चालेल. ब्रेक पेडल दाबून सोडा म्हणजे शू मध्यावर बसतील, आणि चाक पुन्हा फिरवून बघा. दोन्ही बाजू सारख्या लागेपर्यंत हे करायचं. कंटाळा करू नका.

काही गाड्यांत असं भोक नसतं. तिथे पेडल पंधरा-वीस वेळा पूर्ण दाबा, ॲडजस्टर आपोआप पुढे येतो. येत नसेल तर तो गंजलाय. ड्रम उघडून साफ करावा लागेल. ड्रममध्येच बेअरिंग असलेली गाडी असेल तर ते काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडे द्या.

केबल शेवटी. नट थोडा थोडा आवळा. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं मोकळी, पुस्तिकेतल्या आकड्याला दोन्ही जाम. लॉकनट, म्हणजे पहिला नट हलू नये म्हणून लावलेला दुसरा नट, असेल तर तो घट्ट करा.

एकच चाक धरत असेल तर न धरणाऱ्या चाकाचा ड्रम बघा. शू ढकलणारं ड्रममधलं सिलिंडर गळून लायनर ओलं झालं असेल तर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून वापरायचा सल्ला देणारे भेटतील. अजिबात ऐकू नका. तेल लायनरमध्ये मुरलेलं असतं. आधी गळती थांबवा आणि दोन्ही बाजूंचे शू नवे घाला. करकर थांबावी म्हणून ड्रममध्ये तेलाचा फवारा मारणं तर जिवाशी खेळ आहे.

लिव्हर खाली करूनही चाक घासत राहिलं तर केबल आवरणात गंजून अडकलीय. टोकाचं रबर फाटलं की आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये पाणी आत जायला वेळ लागत नाही. अशी केबल बदलायचीच. पावसात गाडी तीन-चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, कारण शू गंजून ड्रमला चिकटतात. चिकटलेच तर रेस देऊन ओढाताण नको. गाडी हलकेच मागेपुढे करा, नाही सुटले तर चाक काढून ड्रमला हातोडीने हलके ठोके द्या.

चाचणी घाटात घ्यायची नाही. रिकाम्या, सौम्य चढावर पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि पाय हळूहळू उचला. एकदा तोंड वर करून, एकदा खाली करून. मग पाच-सात किलोमीटर चालवून या आणि दोन्ही मागच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक जास्त तापलेली वाटली तर त्या बाजूचा ॲडजस्टर एक-दोन दाते मागे घ्या.