हंगेरीतल्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदी वाचताना या चुका टाळा

हंगेरीत सरकारी जन्मनोंदणी १ ऑक्टोबर १८९५ला सुरू झाली. त्याआधीचं घराणं शोधायचं तर चर्चच्या वह्याच चाळाव्या लागतात. तिथे बरेच जण मूल, आई, बाप एवढंच उतरवून घेतात आणि धर्ममाता-पित्यांचा (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांचा) रकाना सोडून देतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

एका गावात एकाच वेळी ‘कोवाच यानोश’ नावाचे दोन-तीन पुरुष सहज सापडतात. त्यांतल्या दोघांच्या बायकांचं नावही एर्झेबेत असू शकतं. मग मूल कोणत्या यानोशचं? खेड्यांत एकच जोडपं बहुधा एका घरातल्या सगळ्या मुलांचं धर्ममाता-पिता होई, आणि पुष्कळदा त्यांच्या मुलांचं धर्ममाता-पिता या घरातलं जोडपं होई. म्हणून त्या आईबापांच्या नावावरची सगळी मुलं तारखेनुसार एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे धर्ममाता-पिता आणि दिला असेल तर घरक्रमांक मांडा. चार मुलांना एकच जोडपं आणि पाचव्यालाच वेगळं दिसलं, तर ते दुसऱ्या यानोशचं असू शकतं. पण लगेच काढून टाकू नका. आधी मृत्यूची वही पाहा. जुना धर्मपिता मधल्या काळात वारलेला असू शकतो.

या रकान्यात ‘कोवाच यानोशने’ असं लिहिलेलं असेल तर तो पुरुष नव्हे, यानोश कोवाचची बायको. शेवटचा ‘ने’ नावांच्या सूचीत गळाला की धर्ममातेचा धर्मपिता होतो, म्हणून मूळ पानाची प्रतिमा उघडाच. तिचं स्वतःचं नाव या लिखाणात येतच नाही. ते विवाहाच्या वहीत किंवा तिच्याच मुलांच्या बाप्तिस्म्यात शोधावं लागतं. ‘बालाझ पेतेर’सारख्या नावात दोन्ही शब्द आडनावही असू शकतात. हंगेरियन लिखाणात आडनाव आधी, लॅटिनमध्ये नंतर. त्याच पानावरच्या इतर नोंदींवरून क्रम ठरवा.

कॅथलिक वह्या १८४०च्या दशकापर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. त्यात इश्तवान हा स्टेफानुस, इम्रे हा एमेरिकुस, लायोश हा लुदोविकुस होतो. हे लक्षात न घेतल्यास वंशावळीत एकाची दोन माणसं होतात.

उलटंही घडतं. एकाच आईबापांना १८३२ आणि १८३५ला यानोश झाला असेल, तर ती दोन मुलं आहेत. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला देण्याची रीत सर्रास होती. दोन तारखांच्या मधली दफनाची नोंद शोधा. पहिल्या नावाजवळ कधीकधी छोटा क्रूसही काढलेला असतो.

आजोबांचं नाव नातवाला, ही आपल्याकडची सवय इथे लावू नका. नाव बापाचं, धर्मपित्याचं किंवा जवळ आलेल्या सणाच्या संताचं असे. थोरल्या मुलाच्या नावावरून आजोबा ठरवलेत तर पुढची सगळी शाखा चुकते.

रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनपंथी वह्यांत एका मुलापुढे धर्ममाता-पित्यांची अनेक जोडपी दिसली तर गोंधळू नका. कॅथलिकांत ट्रेंटच्या परिषदेनंतर (सोळाव्या शतकातली चर्चची सभा) एक पुरुष, एक स्त्री अशी मर्यादा होती. इकडे ती नव्हती. आणि नोंदीत ‘ओब्स्टेट्रिक्स’ असेल तर ती सुईण. मूल जगेल की नाही अशी शंका आली की तीच बाप्तिस्मा उरकी. तिला नातलग समजू नका.

पान फाटलेलं किंवा शाई उडालेली असेल तर दुसरी प्रत पाहा. १८२८पासून वह्यांची नक्कल काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दप्तरात जाई. नक्कल करताना नावं चुकत, गाळली जात. दोन्हींत फरक आढळला तर मूळ वही प्रमाण धरा.